वजा तीन इंच

खरं सांगा, तुम्ही आजवर किती खोटं बोललात? नाही ना सांगता येत? मला येतं. मी बरोबर तीन इंच खोटं बोलते. कुणाशीही, कधीही, तीनच इंच.

मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गळ्यातली पिवळी टेप बोलतेय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली साठ इंचांची होते. दोन्ही टोकांना पितळी टोप्या होत्या. बाईंनी मला आणलं, दोन्ही खांद्यांवरून खाली सोडलं, आणि तीच माझी कायमची जागा झाली.

तिथे लटकून मी माणसं पाहिली. मी कमरेभोवती आले की पुरुष पोट आत ओढतात आणि श्वास कोंडून गप्पा मारतात. बायका म्हणतात, "जरा सैलच ठेवा हं, मी आत्ताच जेवलेय." आपलं खरं माप कुणालाच ऐकायचं नसतं. बाई मात्र खरं तेच वहीत लिहीत. "एक सूत इकडचं तिकडं झालं तर घालणाऱ्याला दिवसभर टोचतं," असं त्या म्हणत.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बाई टेबलावर कापड बेतत होत्या. त्यांची सून आत आली. दोन्ही गुडघ्यांना माती.

"आई, मी फुटबॉलच्या संघात गेले."

"कशात?"

"फुटबॉलच्या. गोलकीपर म्हणून."

"म्हणजे लोकांनी लाथाडलेलं झेलायचं? ते करायला घर काय कमी पडलं?"

आणि बाईंनी रागाने कात्री चालवली. कापड सरळ रेषेत कापलं गेलं. त्याच्यावर पडलेली मीसुद्धा. माझे पहिले तीन इंच टोपीसकट जमिनीवर जाऊन पडले.

"बघ! तुझ्या फुटबॉलनं माझी टेप तोडली."

"टेप तुम्ही तोडलीत, आई."

"पण कुणामुळे?"

सून संध्याकाळी नवी टेप घेऊन आली. बाईंनी ती तशीच परत पाठवली. म्हणाल्या, "मला वजाबाकी येते." तेव्हापासून माझी सुरुवातच तीनपासून होते. तीस इंचांची कंबर मी तेहेतीस सांगते. बाई मनात तीन वजा करतात आणि तीस लिहितात. आमच्या दोघींचं छान जमलं होतं.

पुढे त्या संघाला जर्सी हव्या होत्या. बाजारातल्या एकेका जर्सीत दोघी दोघी मावत होत्या. शेवटी बाईंनीच अकरा जर्सी शिवल्या. पहिल्या सामन्याला त्या गेल्या ते फक्त शिवण टिकते का, हे बघायला. अर्ध्या वेळेपर्यंत त्या खुर्चीवर होत्या. त्यानंतर त्या रेषेवर उभ्या राहून पंचांवर ओरडत होत्या, "अहो, ती सात नंबरवाली जर्सी ओढतेय! दिसत नाही का? दुहेरी शिवण आहे म्हणून वाचली!" मग त्यांनी एकही सामना चुकवला नाही. गळ्यात होते म्हणून मीही नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. दरवर्षी संघाकडे एक साहेब येत. ते 'महिला फुटबॉल दर्जा आणि विकास मोजणी समिती'चे होते. दर्जा मोजायचा म्हणजे ते खरोखरच मोजत. खेळ बघत नसत, कारण तक्त्यात खेळाचा रकानाच नव्हता. गवताची उंची, गोलकीपरची वीत, बॉलची जाडी, कप्तानच्या हसण्याची रुंदी, असं सगळं इंचांत लिहायचं आणि मागच्या वर्षीचा आकडा त्यातून वजा करायचा. उरेल तो विकास.

"पुरुषांच्या फुटबॉलचं पण असंच मोजता का?" असं कप्तानने एकदा विचारलं होतं. ती दवाखान्यात नर्स होती, मोजमापाची तिला सवय होती.

"त्यांचं कशाला मोजायचं?" साहेब म्हणाले. "त्यांचा दर्जा असतोच."

यंदा एक नवा नियम आला होता. एका तरी रकान्यात दोन इंच विकास दिसला नाही, तर मैदान समितीकडे जाणार होतं. तिथे समितीचे जुने तक्ते ठेवायला गोदाम बांधायचं होतं. तक्ते फार झाले होते. आणि संघाला दुसरं मैदान नव्हतं.

त्या दिवशी साहेब आले, पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. समितीची टेप कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाच्या खिशात. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, जरा ती टेप द्या."

"देते, पण साहेब, तिचं जरा असं आहे की..."

"बाई, मोजणी आमचं काम आहे. तुम्ही बसा."

त्यांनी मला ओढून घेतलं आणि गवताला लावलं. गवत सकाळीच कापलेलं होतं, तरी ते तीन इंचांनी वाढलेलं निघालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. सुनेची वीत सातावरून दहावर गेली. कप्तान मागच्या वर्षी अडीच इंच हसली होती, यंदा न हसताच साडेपाच भरली. गोलच्या खांबाला मला दोनदा लावावं लागलं, म्हणून तो सहा इंचांनी वाढला. 'खांबांची वाढ समाधानकारक,' साहेबांनी लिहिलं. मग त्यांनी बॉल मोजला आणि उचलून छातीशी धरला.

"बॉलचासुद्धा विकास झालाय! बावीस वर्षांत असा संघ पाहिला नाही."

सगळ्याजणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी साहेबांच्या हातात लोंबकळत होते आणि मला कुठेतरी गुंडाळून घ्यावंसं वाटत होतं.

बाई उठल्या. सून त्यांच्या कानाशी लागली, "आई, गप्प बसा ना. तुम्हाला माझी शपथ."

"अगं, मैदान जाईल हे मला कळत नाही का? पण चुकीच्या मापाचं अंगावर घालून किती दिवस हिंडणार? टोचतं ते."

"आम्हाला नाही टोचणार!"

"मला टोचेल," बाई म्हणाल्या, आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, त्या टेपला पहिले तीन इंच नाहीत. माझ्याच रागात गेले ते."

साहेबांनी माझं टोक डोळ्यांजवळ नेलं. मग खाली बसले, खोडरबर काढला आणि एकेका रकान्यातून तीन वजा करत गेले. गवत शून्य. वीत शून्य. हसणं शून्य. खांबातून त्यांनी दोनदा वजा केले. सगळीकडे शून्य. सुनेने सासूकडे पाठ फिरवली.

बाईंनी पिशवीतून सुनेची जुनी जर्सी काढून साहेबांच्या मांडीवर पसरली.

"हे वाचा. पहिल्या वर्षी कुठेच फाटली नव्हती, नुसती माती. म्हणजे बॉल गेल्यावर ही पडायची. दुसऱ्या वर्षी डावी बाजू उसवली, उजवी कोरी. म्हणजे डावीकडेच झेप घ्यायची. यंदा दोन्ही बाजू मी चार वेळा शिवल्यात. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण शिवण कळते."

साहेबांनी प्रत्येक टाका बघितला. "हे सगळं मागचं. नियमाप्रमाणे विकास माझ्यासमोर व्हायला हवा. आणि शिवण मुद्दाम कच्ची घातली नसेल कशावरून?"

"ओढा," बाई सुनेच्या अंगावरची जर्सी दाखवत म्हणाल्या. साहेबांनी दोन्ही हातांनी ओढली. काही झालं नाही.

मग साहेबांनी बॉल ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी बॉलला पाय लावला नव्हता. त्यांनी डावीकडे मारला. सून झेपावली, बॉल अडला आणि शिवण चर्रर्र वाजली. साहेब मला घेऊन उसवलेली शिवण मोजायला धावले. "साडेचार! वजा तीन..." त्यांचा चेहरा पडला. "दीड इंच. अर्धा इंच कमी."

"अजून एक मारा," सून माती झटकत म्हणाली. "आणि जरा जोरात मारा. मघाचा अगदीच आजारी माणसाचा होता."

हे साहेबांना लागलं. ते दहा पावलं मागे गेले, धावत आले आणि असा बॉल मारला की त्यांची पँट पाठीमागून उभी फाटली. बॉल उजव्या कोपऱ्यात वर चालला होता. सून उडाली. ती इतकी लांब गेली की बाईंच्या हाताने घेतलेलं माप तिला पुरलं नाही. बोटांच्या टोकांनी तिने बॉल खांबावरून बाहेर काढला.

"शिवण कच्ची नव्हती," बाई हळूच म्हणाल्या. "मी तिला उभी असताना मोजलं होतं. ती एवढी असेल असं वाटलं नव्हतं."

उजव्या बाजूची उसवण सात भरली. वजा तीन, चार इंच. साहेबांनी 'इतर वाढ' या रकान्यात चार लिहिलं. मग एक हात पाठीमागे धरून ते तिरके तिरके बाकाकडे गेले.

"साहेब, तुमचाही विकास झालाय," कप्तान म्हणाली. "मोजू का?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा साहेबांना हसताना पाहिलं. मोजायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आता माझे आकडे पुसट झालेत. मधूनमधून भेगा पडल्यात. बाई मला टाकत नाहीत, मीही जात नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: कुणाचं माप घ्याल, तेव्हा आधी आपल्या टेपचा पहिला आकडा बघा. आणि जमलं तर माणूस धावत असताना ते घ्या.

आणि हो, त्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला साहेब बाईंच्या दुकानात आले. त्यांनी फाटकी पँट आणि मैदान संघाकडेच राहील असं पत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी मला त्यांच्या कमरेभोवती गुंडाळलं, साहेबांनी पोट आत ओढलं, आणि बाईंनी तीन वजा करून खरं माप वहीत लिहिलं.