ओळखीचा चेहरा

नवरा पोलीस चौकीतून आला तो छाती फुगवूनच. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ओळखला. सातजणांतून, एका झटक्यात."

तिने कपाळावर हात मारून घेतला. लग्नानंतर वर्षभर या माणसाने तिच्या दोन बहिणींच्या नावांची अदलाबदल केली होती. भर बाजारात परक्या बाईच्या पिशवीला "दे इकडे" म्हणून हात घातला होता. आणि आता म्हणे हा चोर ओळखणार. औषधाचं दुकान लुटून, दुकानदाराचं डोकं फोडून पळणारा माणूस याला ऑफिसच्या जिन्यात धक्का देऊन गेला होता, बस्स, तेवढंच काय ते दर्शन.

"साहेबांना नेमकं काय सांगितलंत?"

"हा ओळखीचा वाटतो म्हटलं. साहेबांनी लिहिलं, ओळखला. मी सही केली."

"ओळखीचा वाटणं आणि ओळखणं एकच का हो?"

"उगाच शब्दांचा कीस काढू नकोस. भुवई मधोमध तुटलेली, पुढचा दात अर्धा. आणि काय निगरगट्ट माणूस, मला बघून चक्क हसला."

तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"अहो, तो आपला फ्रिजवाला."

"कोण फ्रिजवाला?"

"मागच्या महिन्यात फ्रिज दुरुस्त करून गेला तो. तासभर इथे फरशीवर बसला होता. त्या दातावरून तुम्हीच त्याची चेष्टा केलीत."

नवऱ्याने फ्रिजकडे पाहिलं, मग फरशीकडे. चेहरा उतरला, पण हेका सुटेना. "फ्रिजवाला चोरी करत नसेल कशावरून?"

"करत असेलही. पण जिन्यात तोच होता, असं छातीवर हात ठेवून सांगा."

त्याचा हात छातीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. मग पुटपुटला, "आता शब्द फिरवला तर साहेब मला वेड्यात काढतील."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. याला स्वतःच्या अब्रूची पडली होती, आणि तिकडे एक माणूस वर्षानुवर्षं गजाआड जायला निघाला होता.

"काढू देत वेड्यात. तो का हसला, कळलं का तुम्हाला?"

"का?"

"त्याने तुम्हाला ओळखलं. त्याला वाटलं, ओळखीचं माणूस आलं, आता सुटलो."

नवरा वळला. दाराशी जाऊन चपला चढवू लागला. एक त्याची होती, एक तिची. एरवी तिने सोडलं नसतं. आज तिने मुकाट्याने कुलूप घेतलं आणि त्याच्यामागून निघाली.