सूतकताईच्या तासाचं पुस्तक

"बघ, एकीचाही हात थांबत नाही! काय ध्यान देऊन ऐकताहेत!" लीलाधर कानाशी कुजबुजला आणि शालिग्राम मास्तरांनी मान पुस्तकात आणखीच खुपसली.

शहरातल्या शनवारा पेठेत मुलींच्या शाळेत इंग्रज सरकारच्या त्या शेवटच्या वर्षांत सूतकताईचा तास सुरू झाला होता. त्या तासाला मास्तर लहान मुलांसाठीची हिंदी पुस्तकं मोठ्यानं वाचत, कारण जबलपूरच्या एका मासिकात ते त्यांची परीक्षणं लिहीत. साहित्यशास्त्र वगैरे त्यांना मानवत नसे. ऐकता ऐकता मुली टकळ्या फिरवायच्या विसरल्या की पुस्तक चांगलं. भरपूर सूत निघालं की पुस्तक गेलं. ही कसोटी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. लोक हसले असते.

आजचं पुस्तक लीलाधरचं होतं. लहानपणापासूनचा एवढा एकच मित्र, त्याचं हे पहिलंच पुस्तक, आणि तो स्वतः नवा कोट घालून शेजारी बसलेला. पुस्तकात सद्गुण नुसते ओसंडत होते आणि टकळ्या गरगर फिरत होत्या. खोटं लिहावं तर वाचणारी मुलं फसणार, खरं लिहावं तर मित्र जाणार. मास्तर घसा खाकरत वाचत राहिले.

एका पानावर मात्र सगळ्या टकळ्या थांबल्या. दापोरा गावाहून शहरातल्या शाळेत निघालेल्या मुलाला आई खांद्यावर घेऊन पुराच्या नाल्यापलीकडे सोडते, एवढंच त्या पानावर होतं. पुढं वेळेच्या महत्त्वाचा उपदेश लागला आणि टकळ्या पुन्हा फिरू लागल्या.

"पाहिलंस? त्या पानालाच कंटाळल्या," लीलाधर हळहळला. "दुसऱ्या आवृत्तीत काढूनच टाकतो ते."

"नको रे बाबा!" मास्तर ओरडलेच. मग राहवेना, म्हणून कसोटी सांगून टाकली.

लीलाधरचा चेहरा उतरला. "म्हणजे बाकीचं सगळं..."

"बाकीच्याचं सूत निघालं," मास्तर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुढं बसलेल्या वंदनानं विचारलं, "गुर्जी, मंग माय वापस कशी गेली? तिले कोणी खांद्यावर घेतलं?"

लीलाधरनं नव्या कोटाचं बटण सोडलं. मग म्हणाला, "तो पोरगा मीच, बेटा. घंटी झाली होती, म्हणून मी पळालो. मांगं पाहिलंच नाही."

"माय हाये का तुमची?"

"हाये ना. दापोऱ्यालेच."

"मंग पुसून या ना!"

मुली हसल्या. लीलाधर उठला. त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "परीक्षण आज धाडू नको, शालिग्राम. येतो जाऊन."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पुढचं पान वाचायला त्यांनी पुस्तक उघडलं, पण मुली खिडकीशी गोळा झाल्या होत्या. बाहेर भर उन्हात लीलाधर कोट काखेत मारून दापोऱ्याच्या वाटेनं चक्क पळत निघाला होता.