हादरणारी भिंत
टेमघरच्या घरात तय्यबानं राउटर लावला, तोही नेमका कारखान्याच्या भिंतीवर. पलीकडे तिच्या अब्बांचे कापड विणायचे लूम सुरू झाले की भिंत हादरायची, वायर सैल व्हायची आणि नेट जायचं. "जळो मेले ते लूम!" ती करवादायची. मग अब्बा खिशातून लूमवरच्या सुताचा बोळा काढून वायरीच्या कडेला घट्ट कोंबायचे.

काल सगळे लूम भंगारात गेले. आज सकाळपासून नेट एकदाही गेलं नव्हतं.

"आता तरी नीट चालतंय ना, बेटा?" अब्बांनी मान खाली घालून विचारलं.

तय्यबानं त्यांच्या नकळत वायर ओढली. "कुठलं चालतंय? गेलं बघा पुन्हा."

अब्बा लगबगीनं उठले. त्यांनी खिशात हात घातला, पण आज खिशात सूत नव्हतं; हात बराच वेळ तिथंच चाचपत राहिला.