पडद्यावर नाव नव्हतं

मारेगावच्या त्या खासगी दवाखान्यात नंबर दाखवणारा मोठा पडदा लागला, तेव्हापासून व्यवस्थापक रत्नप्रभाताईंना त्याचं भारी कौतुक. पेशंटचं नाव त्यावर कधीच येत नसे. गाव, वय, स्त्री की पुरुष, आणि कोणत्या आजाराचे डॉक्टर, एवढंच. आता यातून कोणाचं काय गुपित फुटणार!

तरी मागच्या दाराने आलेली सत्यशीला त्यांच्या केबिनमध्ये घाम पुसत उभी होती. मुकुटबनच्या पुढे एका छोट्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, ती अंगणवाडी चालवते. मनाच्या आजारावर तिला गोळ्या सुरू होत्या आणि गुणही येत होता. पण आज बाहेरच्या बाकावर पोडाजवळचे दुकानदार बबनराव बसले होते, वेळ जावा म्हणून पडदा मोठ्याने वाचत. त्यांना कळलं की दुकानावरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळणार. मग अंगणवाडीत पोर कोण पाठवेल?

"मॅडम, माहा नंबर पडद्यावर आणू नोका. नाही तं मी गोळ्या न घेताच जातो."

ताईंनी तिला समजावलं की नाव येतच नाही, आणि एकीसाठी पडदा बंद ठेवता येत नाही.

दवाखान्याचे संगणक तपासायला आलेला संघदीप कोपऱ्यात काम करत होता. संगणकातून गुप्त माहिती किती गळते, ते मोजणं हाच त्याचा धंदा. त्याला राहवलं नाही.

"ताई, पडद्यावर काय नाही ते पाहू नोका. वाचल्यावर संशय घ्यायले किती माणसं उरतात, ते मोजा. मुकुटबनची एकतीस वर्षांची बाई म्हटलं तं कितीतरी उरतील. हिच्या पोडावर या वयाच्या किती?"

"मी एकटीच," सत्यशीला म्हणाली.

"मंग नाव लिहायचं राह्यलं कुठं?"

ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. पुढचा नंबर सत्यशीलेचाच होता! ताई धावत गेल्या आणि त्यांनी पडद्याची वायरच उपसली.

"काहून बंद केला? मी वाचून राह्यलो होतो," बबनराव कुरकुरले.

"म्हणूनच केला," ताई म्हणाल्या.

आता तिथे नुसता टोकन नंबर दिसतो. वाचकहो, आपल्या ऑफिसातला संगणकही असंच काहीबाही दाखवत असेल. नाव झाकलं म्हणून निर्धास्त राहू नका. ज्याची माहिती आहे, त्याच्या जागी बसून मोजा. सत्यशीलेचा उपचार टिकला, तिची अंगणवाडीही भरते आहे.