साडेसातची फेरी

१९ सप्टेंबर १९९०, सकाळी सव्वासहा. तालुक्याच्या एस.टी. आगाराच्या फळ्यावर सत्यशीला कांबळेनं रद्द झालेल्या सात फेऱ्या खडूनं लिहिल्या. सातवी करंजवाडीची होती.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरून दीड महिना झाला होता. तेल महागलं, ते घ्यायला देशाकडं परकीय चलन पुरेना, आणि दिल्लीत ठरलेली काटकसर उतरत उतरत या आगारापर्यंत आली. रोजचं डिझेल कमी झालं. कोणत्या फेऱ्या थांबवायच्या, ती यादी कारकून म्हणून सत्यशीला करायची. नियम सरळ होता : ज्या फेरीला उतारू कमी, ती आधी बंद.

त्या हिशेबानं परभणीहून संध्याकाळी साडेसातला सुटणारी फेरी पहिली बंद व्हायला हवी होती. ती मनमाडच्या रेल्वेचे उतारू आणायची. कधी चार, कधी दोन. सत्यशीलानं तिला हात लावला नाही. तिच्याऐवजी करंजवाडी लिहिली.

तिचा नवरा नागनाथ कुवेतच्या तेल कारखान्यात पाइप जोडायचा. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या जाळपोळीत गावातलं घर गेलं, तेव्हापासून त्याला तालुक्याला पक्क्या विटांचं घर बांधायचं होतं. ९ सप्टेंबरला कलेक्टर कचेरीतून निरोप आला, की जॉर्डनमध्ये अम्मानच्या छावणीत त्याचं नाव नोंदलंय. तिथून विमानं मुंबईला येत होती. मुंबईहून मनमाड, मनमाडहून परभणी, आणि पुढं साडेसातची फेरी. रात्री गाडी स्टँडच्या वळणावर आली की चुलीपाशी तिला आवाजावरून कळायचं. भात ती दोघांचा टाकायची.

सकाळी त्या फेरीचा कंडक्टर लिंबाजी तिकिटांची पेटी जमा करायला आला.

"काल कोण कोण होतं?"

"तिघं, बाई. एक जावई अन् दोन बकऱ्यावाले. नागनाथभाऊ दिसले तर ड्रायव्हरच्या बाजूला बसवून आणतो की. इचारायचं काम न्हाई."

साडेअकराला खिडकीशी एक म्हातारी आली. करंजवाडीची बायनाबाई. हातात फडक्यात बांधलेला डबा, पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. मुलगी मनकर्णा बाळंतपणाला इथल्या दवाखान्यात होती. गाडी असती तर गावच्या रिवाजानं डबा कंडक्टरच्या हाती दिला असता, स्टँडवरून जावयानं नेला असता. सातपर्यंत गाडीची वाट पाहून म्हातारी अकरा किलोमीटर चालत आली होती.

"बाई, आमची गाडी कामून बंद केली?"

"डिझेल कमी आलंय, मावशी. तिकडं लढाई लागलीय."

"लढाई तिकडं अन् चालायलोत आमी," बायनाबाई हसली. "आमच्या गाडीत तर पाय ठेवायला जागा नसायची. रिकामी कोणतीच न्हाई का?"

बाजूच्या टेबलावरून कंट्रोलर व्यंकटराव म्हणाले, "मावशी, बाईंचे मालक तिकडंच अडकलेत."

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"आगं माय. किती दिस झाले जाऊन?"

"तीन वर्षं."

"येतेल, लेकी. जेवून घेत जा." बायनाबाईनं डबा उचलला. "दवाखाना कोणीकडं हाय? पोरगी सकाळधरनं उपाशी आसंल."

गाडीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

सत्यशीलानं यादी ओढून करंजवाडीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं : परभणी, सायंकाळी ७.३०.

"बाई, चार दिस थांबा की," व्यंकटराव हळूच म्हणाले. "विमानं यायलीत आजून. सायबाला मी सांगतो."

"उतारू तीन आहेत, व्यंकटराव."

तिनं यादी साहेबांच्या सहीला पाठवली आणि फळा पुसून नव्यानं लिहिला.

चारला करंजवाडीची गाडी सुटली. बायनाबाईला खिडकीजवळची जागा मिळाली होती.

मनमाडची गाडी त्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा, सात वाजून पंचवीस मिनिटांनी परभणीत आली. तिच्यातून मुंबईचे किती लोक उतरले, आणि त्यांतल्या कोणाला पुढं तालुक्याला यायचं होतं, याची नोंद आगाराकडं नाही.