वहिनीच्या पोटावरचा अभ्यास

"कोणाला वाचून कळतं, कोणाला ऐकून, कोणाला बघून? हात वर करा," नर्सिंगच्या वर्गात मॅडम म्हणाल्या. कुठल्याशा शिबिराहून त्या हे नवं खूळ घेऊन आल्या होत्या. धाकटीने कशालाच हात वर केला नाही. पुस्तक उघडलं की तिला जांभई यायची आणि फळ्यावरची आकृती डोक्यावरून जायची. हाताखालून गेल्याशिवाय तिच्या डोक्यात काही म्हणून शिरायचं नाही. आणि बाळंतपणाचे धडे हाताखालून घालायला घरातच आठवा महिना लागलेली वहिनी होती.

"घ्या सिस्टरबाई, मांडलं दुकान," म्हणत वहिनी रोज संध्याकाळी पलंगावर आडवी व्हायची. धाकटी पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते सांगायची, मग कर्ण्यासारखी नळी टेकवून कान लावायची. ठोके बहुतेकदा सापडायचे. वर्गात मात्र मॅडमसमोर तिची गाळण उडायची. "तुझा कान अजून तयार नाही," मॅडम सगळ्यांदेखत म्हणायच्या. ते तिने फार मनाला लावून घेतलं होतं.

एका संध्याकाळी घरीही ठोके सापडेनात. तिने डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, नळी पुसून पुन्हा लावली. काहीच नाही.

"फिरायला गेलं वाटतं," वहिनी म्हणाली.

"मीच ठोंब. मला नाही जमायचं हे, वहिनी."

"येईल गं हळूहळू. मघाशी तर हलल्यासारखं वाटलं." दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनीला कसंतरीच व्हायला लागलं म्हणून दादाने तिला दवाखान्यात नेलं. बाळ पोटातच गेलं होतं. एखाद-दोन दिवस झाले असावेत, नेमकं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या.

"काल संध्याकाळी होतं," वहिनी म्हणाली. "आम्ही त्याच्याशी हसतखेळत होतो. हिला सापडलं नाही एवढंच. शिकतेय ना अजून." 

पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला वहिनी हेच सांगायची. ती एक संध्याकाळ तिने घट्ट धरून ठेवली होती.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वॉर्डातल्या एका अनोळखी बाईच्या पोटावर धाकटीने नळी टेकवली, आणि ठोके लगेच ऐकू आले. मॅडमनी स्वतः ऐकून खात्री केली. "कान केव्हाच तयार झालाय तुझा," त्या म्हणाल्या. "उगाच घाबरायचीस."

धाकटी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडली. त्या संध्याकाळी तिचं काहीच चुकलं नव्हतं. आत खरोखरच काही उरलं नव्हतं, आणि त्याच पोटावर हात ठेवून त्या दोघी हसल्या होत्या.

घरी वहिनी भाजी निवडत होती. "झालं प्रॅक्टिकल? सापडले ठोके?" तिने विचारलं, आणि तिचा हात थांबला.

"नाही गं," धाकटी म्हणाली. "मला अजून नाही सापडत."

वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. "सापडतील," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.