सोमवार-गुरुवार सोडून

“मॅडम, इमर्जन्सी न्हाई हो. पेशंट ठणठणीत हाय. मीच हाय पेशंट!”

पंचशीला सोनकांबळे फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होती की डायलिसिसच्या हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. डाव्या हातात दोन सुया, त्यांच्या नळ्या मशीनला लागलेल्या, आणि उजव्या हातात फोन. पलीकडे रत्नागिरीच्या कुठल्याशा दवाखान्यातली मुलगी होती. पेशंट ठणठणीत आहे तर नांदेडहून इतक्या लांब यायचं कारण काय, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

“फिरायला येऊन राहिलो,” पंचशीला म्हणाली. “बाकीचे दिवस आम्ही डोंगरात चालणार. तुमच्याकडं सोमवारी एक मशीन पायजे, सकाळच्या पाळीला. एचआयव्ही-काविळीचे रिपोर्ट सगळे निगेटिव्ह हायेत, लगेच पाठवते.”

“बाहेरचे पेशंट आम्ही घेत नाही,” असं म्हणून त्या मुलीनं फोन ठेवला.

“न्हाई म्हणली?” शेजारच्या खाटेवरून वहिदानं विचारलं.

“न्हाई म्हणली.”

“जाने दे. त्या गावात काय एकच दवाखाना हाय क्या?”

वहिदाचं इतवाऱ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. तिचीही डायलिसिसची पाळी सोमवार-गुरुवारचीच. तीन वर्षं दोघी शेजारी-शेजारी पडून होत्या. एकमेकींच्या घरातली भांडणं, सुनांचे स्वभाव, दोन पाळ्यांच्या मधे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापापेक्षा कुणी किती पाणी चोरून प्यायलं, सगळं दोघींना ठाऊक होतं. नांदेडपासून कोकणापर्यंतच्या या बेतातही वहिदा पहिल्या दिवसापासून सामील होती. ती स्वतः जाणार नव्हती, पण कुठं मुक्काम करायचा यावर सगळ्यात जास्त वाद तीच घालायची.

हे खूळ डोक्यात शिरलं ते दसऱ्याला. लुधियानाच्या एक म्हाताऱ्या सरदारणी गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला रेल्वेनं आल्या होत्या आणि एका गुरुवारपुरत्या समोरच्या रिकाम्या खाटेवर डायलिसिस घेत होत्या. पंचशीलाला मोठं नवल वाटलं. किडन्या गेलेलं माणूस असं देश ओलांडून कसं येतं? तिनं विचारलं, तशी म्हातारी हसली. “मशीन तो हर शहर में है, बेटी. दर्शन थोड़े ही मशीन के पास आएगा!”

मशीन सगळ्या शहरांत आहे. पंचशीला स्वतः नर्स, तरी ही साधी गोष्ट तिच्या ध्यानात कधी आली नव्हती. तीन वर्षं ती या एकाच यंत्राला खुंटीला बांधल्यासारखी होती, आणि दावं आपल्याच हातात आहे हे तिला एका परक्या बाईनं दाखवलं.

नोकरीतली सगळी वर्षं तिनं किनवट तालुक्यात काढली. खांद्यावर लसीचा डबा घेऊन या पाड्यावरून त्या पाड्यावर, सागाच्या जंगलातून पायी. चालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते चालणं घाईचं. डब्यातला बर्फ वितळायच्या आत पोचायचं, तिकडं बायका पोरं कडेवर घेऊन ताटकळलेल्या. वाटेत पळस लालेलाल फुललेला असायचा, पण थांबून पाहायची सोय नव्हती. निवांत फिरू रिटायर झाल्यावर, असं म्हणायची. मग किडन्या गेल्या, नोकरी मुदतीआधीच सोडावी लागली, आणि चालणं उरलं ते घराच्या दारापासून ऑटोपर्यंत.

सरदारणीबाईंची गोष्ट तिनं नवऱ्याला सांगितली. दगडोबा वीज मंडळात लाइनमन होता, आता निवृत्त. बोलणं कमी. त्यानं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला, अंगणात गेला आणि जुन्या वॅगनारवरचं कव्हर काढलं. एवढंच त्याचं उत्तर.

मग दोघांना चेव चढला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सोमवार आणि गुरुवार लाल झाले. जिथं मशीन मिळेल तिथून रस्ता काढायचा. निघायचं सोमवारची पाळी नांदेडात उरकून, मंगळवारी सकाळी. गुरुवारी कोल्हापूर, मग राधानगरीचं जंगल आणि आंबोली. सोमवारी रत्नागिरी, समुद्राच्या काठाकाठानं सकाळचं ऊन चढायच्या आत चालायचं. पुढच्या गुरुवारी सातारा, तिथून कासचं पठार. शेवटच्या सोमवारी सोलापूर, नान्नजचं माळरान, आणि घर. तिथल्या वाटांचे व्हिडिओ दगडोबा मोबाइलवर पाहायचा आणि एकेक चढ बायकोला हातानं हवेत काढून दाखवायचा. “हा असा हाय. पर मधी बसाया दगड हायेत, म्या पाहिलं.”

सराव सुरू झाला. आधी विष्णुपुरीच्या धरणावर, मग वडेपुरीच्या टेकडीवर. पहिल्या दिवशी अर्ध्या टेकडीत पंचशीलाच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि ती रडकुंडीला आली. तिसऱ्या खेपेला ती माथ्यावर पोचली आणि दगडोबा मागं राहिला. “लई घाई तुला,” खालून तो धापा टाकत म्हणाला. तिला हसू आवरेना.

रत्नागिरीचं कोडं सोडवलं यासेरनं. यासेर म्हणजे हॉलमधला टेक्निशियन. सुई टोचताना ज्याचा हात कधी कापत नाही असा पोरगा. “सिस्टर, माझा जोडीदार हाय ना तिथं, आम्ही संगं शिकलो,” असं म्हणत त्यानं तिथल्या तिथं फोन लावला, आणि दुसऱ्या एका दवाखान्यात सोमवारची सकाळ पक्की केली. हॉलमध्ये अशा काही टाळ्या वाजल्या की बाहेर बसलेले नातेवाईक काय झालं म्हणून आत डोकावले. ज्यांचा एक हात सुयांत अडकलेला होता, त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारली.

आणि त्याच रविवारी पुण्याहून मुलीचा, धम्मप्रियाचा, फोन आला.

“आई, तुझं नाव यादीत आहे हे विसरलीस का? त्या दिवसांत कॉल आला तर?”

विसरली नव्हती. मेंदू मृत झालेल्या कुणाची किडनी मिळेल म्हणून संभाजीनगरच्या एका रुग्णालयात तिचं नाव नोंदवलेलं होतं. बोलावणं आलं की काही तासांत पोचावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात एकदा आलंही होतं. दगडोबानं गाडी अशी पळवली होती की जन्मात कधी पळवली नसेल. पोचल्यावर कळलं, एका किडनीसाठी तिघांना बोलावलंय. जुळली दुसऱ्याच एका पोरसवद्या माणसाला.

आंबोलीहून तर काही तासांत पोचणं शक्यच नव्हतं. धम्मप्रियानं रुग्णालयात विचारूनही ठेवलं होतं. बाहेरगावी जात असाल तर तसं कळवा, यादीतला नंबर जाणार नाही; पण तेवढ्या दिवसांत किडनी आली तर ती पुढच्या माणसाला जाईल.

दगडोबा फोनजवळ उभं राहून सगळं ऐकत होता. संध्याकाळी पंचशीलानं पाहिलं, तर गाडीवर परत कव्हर चढलेलं.

“आता राहू दे,” तो म्हणाला. “एकदा किडनी बसली म्हंजे जाऊ. मग म्हनशील तिथं नेतो.”

गुरुवारी हॉलमध्ये तिनं वहिदाला सांगितलं. वहिदानं नेहमीसारखा वाद घातला नाही. तिचं हृदय कमजोर, म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत घेतलेलं नव्हतं.

“एक बात सांग,” ती म्हणाली. “किडनी बसली, तर पहिलं काय करशील?”

“पानी पिईन. तांब्याभर. एका दमात.”

“हाय अल्ला, मी बी!” दोघी इतक्या हसल्या की वहिदाच्या मशीननं शिट्टी घातली आणि यासेर धावत आला. तो नळी सरळ करून गेल्यावर वहिदानं विचारलं, “आनि मग? पानी पिऊन झाल्यावर?”

“मग काय, चालाया जाईन. डोंगरात.”

“ते तर तू आता बी चालून राहिलीस की.”

वहिदा सहज बोलली आणि डोळे मिटून पडली. पंचशीलाला मात्र उरलेला सगळा वेळ मशीनवरचे आकडे दिसेनासे झाले.

घरी जाताना ऑटोतूनच तिनं संभाजीनगरला फोन लावला. तिथल्या बाईंनी तारखा लिहून घेतल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, या दिवसांत आली तर पुढच्या पेशंटला जाईल. माहीत आहे ना? चालेल?”

“चालेल,” पंचशीला म्हणाली. मग तिला वाटलं, एवढ्यावर फोन ठेवू नये. “ज्याला जाईल त्याला लागू पडू दे, म्हंजे झालं.”

घरी दगडोबा ओसरीवर शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. ती समोर बसली. “म्या कळवून टाकलं. आपन जाऊन राहिलो.”

त्याच्या हातातला पेचकस थांबला. “मला इचारलं न्हाईस.”

“इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता तुमी.”

ऐन वादळात खांबावर चढलेला माणूस. त्याच्या तोंडून ‘भ्या’ हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. “मला भ्या वाटून राहिलं, सिस्टर,” तो म्हणाला. कौतुकात असला की तो तिला सिस्टर म्हणायचा, पण आज कौतुक नव्हतं.

“मला बी वाटतंय,” ती म्हणाली. “पर भ्या घरी बसून बी वाटतंच की. तीन वर्सं फोनकडं पाहूनच राहिलो ना आपन? पंधरा दिवस डोंगराकडं पाहू.” ती उठता उठता म्हणाली, “उद्या टायरात हवा भरून आना.”

धम्मप्रिया फोनवर आधी चिडली, मग रडली. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला: साताऱ्याला शनिवारी तीही येणार होती, बसनं, आणि कासच्या वाटेवर आईसोबत चालणार होती.

निघायच्या आदल्या सोमवारी हॉलमध्ये लग्नघरासारखी गडबड होती. यासेरनं रिपोर्टांची फाइल लावून दिली, पाण्याचं माप पुन्हा एकदा बजावलं, कोकणात सुकट खायची नाही म्हणून दम भरला. वहिदानं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि मधल्या जागेतून हात लांबवून पंचशीलाच्या उजव्या हातात चढवल्या. डावा हात सुयांचा, तिथं काही घालायचं नसतं.

“रोज एक फोटो पाठव,” ती म्हणाली. “तुमचे नको, थोबाडं रोज पाहते. रस्त्याचे पाठव.”

मंगळवारी लोहा, अहमदपूर, लातूर मागं टाकून दुपार कलताना ते औशाला पोचले. सोलापूरच्या वाटेवरचं पहिलं चालणं तिथल्या किल्ल्यात करायचं ठरलं होतं. किल्ला खोलगटात बसलेला, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. खंदक ओलांडून, दरवाजे पार करून दोघं तटावर चढले. वर वारा होता. एका अंगाला गावाची छपरं, दुसऱ्या अंगाला वाळलेल्या गवतात चरणाऱ्या शेळ्या, आणि लांबवर एसटी धुरळा उडवत जाताना दिसत होती. पंचशीला पुढं, दगडोबा मागं. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण दम पुरवून वापरायचा म्हणून तिनं ते मनातच म्हटलं.

तटाच्या वळणावर ती अचानक लंगडली.

“काय झालं?” दगडोबानं हाक मारली.

“काय न्हाई. बुटातून काटा शिरला जनू.”

त्यानं तिला एका चौथऱ्यावर बसवलं आणि समोर गुडघा टेकला. गुडघा कटकन वाजला. तिचा पाय उचलून त्यानं मांडीवर घेतला आणि बूट-मोजा काढला. पलीकडं कॉलेजची पोरंपोरी फोटो काढत होती. ती थांबून पाहू लागली. पंचशीलानं पाय मागं ओढला.

“अहो, लोकं पाहून राहिले.”

“पाहू दे.”

तारा सोलून सोलून जाड झालेल्या बोटांनी त्यानं तळव्यात घुसलेला बाभळीचा काटा हलकेच उपसला. मग तळव्यावरून अंगठा फिरवत, आणखी कुठं काही आहे का, ते नीट चाचपून पाहिलं. बूट परत चढवून नाडी बांधली, वर दुसरी गाठ मारली. उठायला गेला, तर गुडघा साथ देईना. तिनं उजवा हात पुढं केला, पाय रोवले आणि त्याला ओढून उभं केलं.

तटाच्या टोकाचा बुरूज अजून बराच पुढं होता. ऊन तटाच्या एका बाजूला सरकलं होतं, आणि त्या बाजूनं दोघं चालू लागले.